किल कमांड: चालू प्रोसेसला सिग्नल पाठवण्याची रीत

'किल' या नावामुळे या कमांडविषयीचा एक गैरसमज पहिल्या दिवसापासून रुजतो. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, ठार करणे एवढेच तिचे काम आहे असे नावावरून वाटते. प्रत्यक्षात ती एक सिग्नल, म्हणजे क्रमांकाने ओळखला जाणारा छोटासा निरोप, कर्नलमार्फत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यामार्फत, चालू प्रोसेसपर्यंत पोहोचवते. तो निरोप 'काम आवर आणि बंद हो' असा असू शकतो, 'आहेस तिथेच थांब' असा असू शकतो किंवा 'कॉन्फिगरेशनची फाइल पुन्हा वाच' असाही असू शकतो. कोणाला, कोणता आणि कोणत्या क्रमाने निरोप धाडायचा हे नीट कळले, तर अर्धवट लिहिल्या गेलेल्या फाइली आणि विनाकारण रीस्टार्ट करावे लागणारे सर्व्हर यांचा बराच त्रास वाचतो. पुढील विवेचन लिनक्स आणि बॅश शेल (टर्मिनलवर टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. मॅकओएसवर मोठा फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

एक सूचना आधीच देतो. येथे कमांड आणि सिग्नल यांची नावे देवनागरीत लिहिली आहेत, परंतु टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करायची आहेत: कमांड व त्यांचे पर्याय लहान अक्षरांत, सिग्नलांची नावे मोठ्या अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत. उच्चारावरून स्पेलिंग लक्षात येणार नाही तिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत.

आधी प्रोसेस ओळखा

प्रत्येक चालू प्रोसेसला एक क्रमांक असतो, त्याला पीआयडी म्हणतात, आणि किल कमांडला तोच हवा असतो. बरेच जण प्रोसेसची यादी देणारी 'पीएस एयूएक्स' चालवून त्याचे आउटपुट शब्द शोधणाऱ्या ग्रेप कमांडमधून गाळतात. त्यात अडचण अशी की ग्रेपची स्वतःची ओळही त्या यादीत येते आणि घाईत तिचाच क्रमांक उचलला जातो. त्यापेक्षा पीग्रेप सोयीची आहे. चित्रातला मजकूर ओळखणारा टेसरॅक्ट हा प्रोग्राम शोधायचा असेल, तर:

पीग्रेप -एएफ टेसरॅक्ट

यातील 'एफ' मुळे शोध संपूर्ण कमांड लाइनमध्ये घेतला जातो आणि 'ए' मुळे ती कमांड लाइन क्रमांकासोबत दिसते. मॅकओएसवर 'ए' चा अर्थ वेगळा असल्याने तिथे त्याच्या जागी 'एल' वापरावे. 'एफ' न दिल्यास लिनक्सवर फक्त प्रोसेसच्या नावाची आणि तीही पहिल्या १५ अक्षरांपुरतीच तुलना होते, त्यामुळे लांब नावाचा प्रोग्राम चालू असूनही सापडत नाही. शिवाय पायथनमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट अनेकदा नुसत्या 'पायथन३' या नावाने दिसतात. त्यांतली आपली कोणती हे पूर्ण कमांड लाइन पाहिल्याशिवाय कळत नाही.

क्रमांक मिळाला की लगेच सिग्नल पाठवू नये, एकदा खात्री करून घ्यावी:

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,पीजीआयडी,स्टॅट,ईटाइम,सीएमडी -पी २४५१८

या एका ओळीत प्रोसेसचा क्रमांक, तिच्या पालक प्रोसेसचा क्रमांक, तिच्या गटाचा क्रमांक, सध्याची अवस्था, ती किती वेळ चालू आहे आणि ती नेमक्या कोणत्या कमांडने सुरू झाली एवढी माहिती मिळते. चालू असल्याचा वेळ मला यांतला सर्वांत उपयोगी वाटतो. पीआयडी कायमचे नसतात. प्रोसेस संपली की तिचा क्रमांक कालांतराने दुसऱ्या प्रोसेसला दिला जातो. काल टिपून ठेवलेल्या क्रमांकाची प्रोसेस आज पाच मिनिटांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर ती आपली नव्हे हे तिथेच उमगते.

सिग्नल पाठवण्याचा अधिकारही मर्यादित असतो. साधा वापरकर्ता फक्त स्वतःच्या प्रोसेसना सिग्नल पाठवू शकतो, रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला प्रशासक, कोणालाही. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असा संदेश आला की पुष्कळांचा हात लगेच रूटच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या 'सूडो' कडे जातो. तसे करण्यापूर्वी क्षणभर थांबावे, कारण आपण चुकीचा क्रमांक दिला असण्याची शक्यता तो संदेश आपल्या लक्षात आणून देत असतो.

पहिला निरोप टर्मचाच

किल २४५१८

सिग्नलचे नाव न देता किल चालवली, तर १५ क्रमांकाचा टर्म हा सिग्नल जातो. 'किल -टर्म २४५१८' लिहिले तरी परिणाम तोच. मी नेहमी नाव लिहितो, क्रमांक लिहीत नाही, आणि इतरांनीही तसेच करावे असा माझा आग्रह आहे. कारण १, २, ३, ९ आणि १५ हे क्रमांक लिनक्स आणि मॅकओएस या दोन्हींवर सारखे असले तरी बाकीच्या कित्येकांचे तसे नाही. नेहमीच्या लिनक्स संगणकावर १९ म्हणजे स्टॉप, प्रोसेस जागच्या जागी थांबवणारा सिग्नल; मॅकओएसवर मात्र १९ म्हणजे कॉन्ट, थांबलेली प्रोसेस पुढे चालू करणारा. एकच ओळ दोन संगणकांवर परस्परविरुद्ध काम करते. आपल्या संगणकावरची यादी 'किल -एल' ने पाहता येते.

टर्म ही विनंती आहे. प्रोग्रामने तिच्यासाठी हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालवायचा कोड, लिहिलेला असेल, तर कर्नल तो चालवतो आणि प्रोग्रामला आवराआवर करायची संधी मिळते: हातातले काम पुरे करणे, बफरमध्ये, म्हणजे मेमरीत तात्पुरता, साठलेला मजकूर डिस्कवर उतरवणे, तात्पुरत्या फाइली पुसणे, डेटाबेसचे कनेक्शन नीट बंद करणे. हँडलर नसेल, तर टर्मने प्रोसेस सरळ संपते. म्हणूनच बहुतांश वेळा दुसऱ्या कशाची गरज पडत नाही.

टर्म पाठवल्यावर वाट पाहावी लागते, आणि इथेच आपला धीर सुटतो. लिनक्सवरील सर्व्हिस सुरू-बंद करणारी सिस्टमडी एखादी सर्व्हिस बंद करताना टर्म पाठवते आणि वेगळी सूचना नसेल तर साधारणपणे ९० सेकंद थांबते. प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या डॉकरची 'स्टॉप' कमांड सर्वसाधारणपणे १० सेकंद थांबते. त्यांच्या तुलनेत दोनच सेकंदांनी दुसरी, कठोर कमांड टाइप करण्याचे काहीच कारण नाही. प्रोसेस गेली की नाही हे पाहायला शून्य क्रमांक वापरावा:

किल -० २४५१८

यात कोणताही सिग्नल जात नाही. ती प्रोसेस अस्तित्वात आहे का आणि तिला सिग्नल पाठवण्याचा आपल्याला अधिकार आहे का, एवढेच कर्नल तपासतो. 'नो सच प्रोसेस' असे उत्तर आले की काम झाले.

नऊ नंबर केव्हा, आणि त्याची किंमत काय

९ क्रमांकाचा किल हा सिग्नल प्रोग्रामला पकडता येत नाही, अडवता येत नाही आणि दुर्लक्षितही करता येत नाही. तो प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही; कर्नल ती प्रोसेस परस्पर काढून टाकतो. तिने घेतलेली मेमरी कर्नल परत घेतो आणि तिने उघडलेल्या फाइली बंद करतो, त्यामुळे वरवर सारे आलबेल दिसते. मात्र प्रोग्रामने स्वतःच्या बफरमध्ये ठेवलेला आणि अजून न लिहिलेला मजकूर जातो, तात्पुरत्या फाइली तशाच राहतात आणि तिने सुरू केलेल्या इतर प्रोसेस मागे उरतात.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. जुन्या मराठी मासिकांच्या स्कॅन केलेल्या पानांवरून टेसरॅक्टच्या साहाय्याने मजकूर काढणारी एक बॅश स्क्रिप्ट मी रोज रात्री क्रॉनमार्फत, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या सेवेमार्फत, चालवत असे. दोन प्रती एकाच वेळी चालू नयेत म्हणून ती आरंभी एक लॉक फाइल तयार करी आणि शेवटी ती पुसून टाकी. एका सकाळी ती अजून चालूच असल्याचे पाहून मी तिला थेट नऊ नंबरचा सिग्नल दिला. स्क्रिप्ट गेली, पण तिने सुरू केलेला टेसरॅक्ट मात्र आपल्या पानावर काम करत राहिला, कारण सिग्नल फक्त त्या एका पीआयडीला गेला होता. त्याहून वाईट म्हणजे लॉक फाइल तशीच राहिली. पुढच्या तीन रात्री स्क्रिप्ट सुरू झाली, तिने लॉक फाइल पाहिली आणि 'आधीची प्रत चालू आहे' असे समजून ती मुकाट्याने बंद झाली. चौथ्या दिवशी फोल्डरमध्ये एकही नवीन पान नाही हे दिसल्यावर मला सारा प्रकार कळला.

डेटाबेसच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मुख्य प्रोसेसला टर्म मिळाला, तर ती नवीन कनेक्शन नाकारते आणि चालू असलेली कनेक्शन आपणहून संपण्याची वाट पाहते. इंट (क्रमांक २) मिळाला, तर चालू व्यवहार रद्द करून व्यवस्थित बंद होते. क्विट (क्रमांक ३) मिळाला, तर तत्काळ बंद होते आणि पुढच्या वेळी सुरू होताना तिला रिकव्हरी करावी लागते. तीन वेगळ्या निकडींसाठी तीन वेगळे सिग्नल दिलेले असताना तिला नऊ नंबर देऊ नये. तसे केल्यास शेअर्ड मेमरी, म्हणजे तिच्या अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी, मोकळी न होता मागे राहू शकते.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी टर्म, मग थोडी प्रतीक्षा, मग प्रोग्राम हातानेच चालवलेला असेल तर इंट, आणि यांपैकी कशालाच दाद मिळाली नाही तर नाइलाजाने किल.

कीबोर्डवरून जाणारे सिग्नल

टर्मिनलवर कंट्रोल आणि सी दाबल्यावर जातो तो इंट, क्रमांक २. तो टर्मिनलवर त्या वेळी पुढे (फोरग्राउंडला) चालू असलेल्या प्रोसेसच्या संपूर्ण गटाला जातो. म्हणून कंट्रोल-सीने स्क्रिप्टबरोबर तिच्या पोटातला प्रोग्रामही थांबतो, आणि किल कमांडने एकच पीआयडी दिल्यास तसे घडत नाही. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबल्यास क्विट जातो. सामान्य प्रोग्राम त्याने बंद पडतो आणि परवानगी असल्यास कोअर फाइल, म्हणजे त्याच्या मेमरीची प्रत, तयार होते, पण जावाचा प्रोग्राम बंद न पडता त्या क्षणी त्याचा प्रत्येक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारा कामाचा धागा, काय करत आहे हे छापतो. जावाचा सर्व्हर अडकलेला असताना रीस्टार्ट करण्याआधी 'किल -क्विट' देऊन ती नोंद जरूर घ्यावी. रीस्टार्टनंतर तो पुरावा पुन्हा मिळत नाही.

मारण्याऐवजी थांबवणे

स्टॉप आणि कॉन्ट, म्हणजे सी-ओ-एन-टी, ही जोडी मला फार मोलाची वाटते आणि तिचा वापर फार कमी लोक करतात. वरील स्क्रिप्ट चालू आहे, लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो आहे आणि दहा मिनिटांत ऑनलाइन बैठक आहे, अशी वेळ येते. अशा वेळी काम रद्द करण्याची गरज नसते:

किल -स्टॉप -- -२४५१०

येथे क्रमांकापूर्वीचे उणे चिन्ह महत्त्वाचे आहे. उणे दिल्यास तो आकडा पीआयडी न मानता गटाचा क्रमांक, म्हणजे वरील पीएसच्या ओळीतला पीजीआयडी, मानला जातो आणि सिग्नल त्या गटातील सर्व प्रोसेसना मिळतो. नुसती स्क्रिप्ट थांबवली असती, तर टेसरॅक्ट आपले चालू पान संपेपर्यंत प्रोसेसर वापरतच राहिला असता. आता पुन्हा पीएस चालवल्यास स्टॅटच्या रकान्यात टी हे अक्षर दिसते: प्रोसेस जिवंत आहे, मेमरी धरून आहे, पण प्रोसेसर अजिबात वापरत नाही. बैठक संपली की 'किल -कॉन्ट -- -२४५१०' दिल्यावर काम जिथे थांबले होते तिथूनच पुढे चालू होते.

दोन पथ्ये पाळावीत. नेटवर्कवर अवलंबून असलेली प्रोसेस फार वेळ थांबवून ठेवली, तर समोरचा सर्व्हर कंटाळून कनेक्शन तोडू शकतो. आणि थांबलेल्या प्रोसेसला टर्म पाठवला, तर ती पुन्हा चालू होईपर्यंत तो सिग्नल तसाच ताटकळत राहतो. म्हणून टर्मपाठोपाठ कॉन्टही पाठवावा लागतो. उणे आकड्याबाबत तर अत्यंत सावध असावे, कारण उणे १ याचा अर्थ आपल्याला ज्यांना सिग्नल पाठवता येतो अशा झाडून सगळ्या प्रोसेस असा होतो. रूट म्हणून ती चूक झाली, तर संपूर्ण यंत्रणा कोसळते.

हप आणि यूएसआर१

हप, म्हणजे एच-यू-पी, हा शब्द टेलिफोनची लाइन तुटण्यावरून आला. मोडेमद्वारे जोडलेल्या टर्मिनलची लाइन तुटली की त्यावरील प्रोग्रामना हा सिग्नल मिळे, आणि आजही टर्मिनलची खिडकी बंद झाली किंवा दूरच्या संगणकाशी जोडणारे एसएसएच तुटले की तोच मिळतो. लांबलचक काम हपकडे दुर्लक्ष करायला लावणाऱ्या नोहप (एन-ओ-एच-यू-पी) कमांडने सुरू करतात ते याच कारणाने. टर्मिनलशी नाते नसलेल्या सर्व्हर प्रोग्रामना हा सिग्नल तसा निरुपयोगी होता; म्हणून त्यांनी त्याला 'कॉन्फिगरेशन पुन्हा वाच' असा अर्थ दिला. एनजिनएक्स (एन-जी-आय-एन-एक्स) या वेब सर्व्हरच्या मास्टर प्रोसेसला हप पाठवला की ती नवीन कॉन्फिगरेशन तपासून नवे वर्कर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस, सुरू करते आणि जुन्या वर्करना हातातली कामे संपवून जायला सांगते. त्याच एनजिनएक्सला यूएसआर१ पाठवला, तर ती लॉगच्या फाइली नव्याने उघडते, आणि क्विट पाठवला, तर चालू विनंत्या पूर्ण करून बंद होते.

हा अर्थ प्रत्येक प्रोग्रामने स्वतः ठरवलेला असतो, हे विसरू नये. हँडलर नसलेल्या प्रोग्रामला हप किंवा यूएसआर१ मिळाला, तर तो संपतो. लिनक्सवरील डीडी या डेटा कॉपी करणाऱ्या कमांडला यूएसआर१ पाठवल्यास ती आतापर्यंत किती डेटा लिहिला गेला ते सांगते. मॅकओएसवरील डीडी मात्र त्याच सिग्नलने मध्येच बंद पडते, तिथे त्यासाठी कंट्रोल आणि टी दाबावे लागते.

प्रोग्राम कोणते सिग्नल स्वतः हाताळतो हे लिनक्सवर पाठवण्यापूर्वीच पाहता येते. '/प्रॉक/२४५१८/स्टेटस' ही फाइल उघडावी आणि तिच्यात सिगसीजीटी ही ओळ शोधावी. तिच्यापुढे सोळा आकडी हेक्साडेसिमल संख्या असते. समजा तिच्या शेवटी ४००२ आहे. तिचे बायनरी रूप मांडले, तर उजवीकडून दुसरा आणि पंधरावा बिट १ दिसतो, म्हणजे हा प्रोग्राम २ आणि १५, अर्थात इंट आणि टर्म, स्वतः हाताळतो. पहिला बिट शून्य आहे, म्हणजे हपसाठी त्याच्याकडे हँडलर नाही.

नावाने सिग्नल पाठवताना

पीकिल ही पीग्रेपचीच बहीण आहे. शोधाचे नियम तेच, फक्त सापडलेल्या सर्व प्रोसेसना ती सिग्नल पाठवते. म्हणून आधी तोच शोध पीग्रेपने करून यादी डोळ्यांखालून घालावी आणि मगच पीकिल चालवावी. 'पीकिल -एफ बॅकअप' लिहिल्यावर बॅकअपच्या स्क्रिप्टबरोबरच ती स्क्रिप्ट ज्या व्हिम एडिटरमध्ये उघडलेली आहे तो व्हिमही जातो, कारण त्याच्या कमांड लाइनमध्येही तो शब्द असतो.

सिग्नलला दाद न देणाऱ्या प्रोसेस

स्टॅटच्या रकान्यात झेड दिसला, तर ती झॉम्बी आहे. ती आधीच संपलेली असते. पालक प्रोसेसने तिचा निकाल विचारून न घेतल्यामुळे फक्त तिची नोंद उरलेली असते. तिला कितीही सिग्नल पाठवले तरी उपयोग नाही. तिच्या पीपीआयडीवरून पालक शोधून त्याला टर्म द्यावा. डी दिसला, तर प्रोसेस डिस्कच्या किंवा नेटवर्कवरील फाइल सिस्टमच्या उत्तरासाठी कर्नलमध्ये अडकलेली असते आणि ते उत्तर येईपर्यंत बहुधा नऊ नंबरही लागू पडत नाही. अशा वेळी सिग्नल पाठवत न बसता ती डिस्क किंवा तो एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारा) सर्व्हर का बोलत नाही हे तपासावे.

आपल्या स्क्रिप्टने सिग्नल ऐकावेत म्हणून

माझ्या लॉक फाइलच्या प्रकरणात अर्धा दोष नऊ नंबरचा होता, अर्धा स्क्रिप्टचा. टर्म पाठवला असता, तरी ती फाइल पुसण्याची सोय त्या स्क्रिप्टमध्ये नव्हती. आता मी लॉक फाइल तयार केल्यानंतर लगेच या तीन ओळी लिहितो. ट्रॅप म्हणजे सिग्नल आल्यावर किंवा स्क्रिप्ट संपताना काय करायचे हे बॅशला सांगणारी कमांड:

ट्रॅप 'आरएम -एफ "$लॉक"' एक्झिट
ट्रॅप 'एक्झिट १४३' टर्म
ट्रॅप 'एक्झिट १३०' इंट

यातील एक्झिट हा शब्द पहिल्या ओळीच्या शेवटी मोठ्या अक्षरांत आणि पुढील दोन ओळींत लहान अक्षरांत टाइप करावा. १४३ आणि १३० हे आकडे मनाने घेतलेले नाहीत: सिग्नलने संपलेल्या प्रोसेसचा निकाल शेल १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा दाखवतो, त्यानुसार टर्मसाठी १४३ आणि इंटसाठी १३०. लॉगमध्ये १३७ दिसला, तर कोणीतरी नऊ नंबर दिला हे उघड आहे; हा 'कोणीतरी' पुष्कळदा मेमरी संपल्यामुळे प्रोसेस निवडून काढणारा कर्नल स्वतःच असतो.

बॅशची एक रीत लक्षात ठेवावी लागते. पुढे एखादा प्रोग्राम चालू असेल, तर तो संपेपर्यंत बॅश ट्रॅप चालवत नाही. टेसरॅक्ट एका पानावर मिनिटभर घालवत असेल, तर टर्मला उत्तरही मिनिटभराने मिळते. त्यावर उपाय म्हणजे तो प्रोग्राम ओळीच्या शेवटी & लावून मागे (बॅकग्राउंडला) सुरू करावा आणि पुढच्या ओळीत 'वेट' लिहावे; सिग्नल आला की वेट तत्काळ सुटते आणि ट्रॅप लगेच चालतो. मागे सुरू केलेल्या त्या प्रोग्रामला मात्र ट्रॅपमध्येच वेगळा टर्म पाठवावा लागतो, अन्यथा तो एकटा चालू राहतो.

डॉकरच्या कंटेनरमध्ये हीच स्क्रिप्ट पहिली प्रोसेस, म्हणजे पीआयडी १, म्हणून चालते तेव्हा ट्रॅप अनिवार्यच होतो. कंटेनरच्या आतून किंवा डॉकरकडून टर्म आला आणि पीआयडी १ कडे त्यासाठी हँडलर नसला, तर कर्नल तो सिग्नल सरळ सोडून देतो. प्रोसेस संपत नाही, आणि १० सेकंद थांबून डॉकर नऊ नंबर देतो. प्रत्येक वेळी कंटेनर बंद व्हायला बरोबर १० सेकंद लागत असतील, तर हेच घडत आहे असे समजावे. त्यावर स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत मुख्य प्रोग्रामच्या नावाआधी 'एक्झेक' लिहावे, म्हणजे शेलची जागा तो प्रोग्राम स्वतः घेतो आणि टर्म थेट त्याच्या हँडलरला मिळतो. प्रोग्रामकडे स्वतःचा हँडलर नसेल, तर कंटेनर सुरू करताना 'डॉकर रन' ला '--इनिट' हा पर्याय द्यावा, म्हणजे पीआयडी १ म्हणून एक छोटी मध्यस्थ प्रोसेस बसते आणि टर्म प्रोग्रामकडे पोहोचवते.